योजनेचे पैसे: आधार की सवय?



"सरकार बायकांना फुकट पैसे देतंय, आता कामाला कुणी येत नाही," असं पारावर, एस.टी.त, कधी आपल्या घरातही ऐकायला मिळतं. ऐकून राग येतो. पण योजनेमुळं बाई खरंच परावलंबी होते का, हे या महिन्याच्या बैठकीत आपणच तपासून पाहू.

आधी एक जुनी गोष्ट. १९७२ च्या दुष्काळाबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शेतात काम नव्हतं, तेव्हा लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला गेली. त्यात बायाही मोठ्या संख्येनं होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. त्यानं लोक आळशी झाले का? नाही. गावोगावी तलाव, रस्ते, बंधारे झाले. काम मागणं हा आपला हक्क आहे, हेही कळलं.

आता आजचं बघू. जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर कुणाचं घर चालतं? औषध, मुलीची वही, गॅसची टाकी यालाच ते पुरतात. आणि हाताशी थोडे पैसे आहेत म्हणून एखादीनं कमी मजुरीला "नाही" म्हटलं, तर तो आळस नव्हे.

मग धोका कुठंच नाही का? आहे, आणि तो आपल्याच सवयींत आहे:

१. "खात्यात येतातच की, मग गटात बचत कशाला?" असं म्हणून बचत थांबवणं.
२. पुढच्या हप्त्याच्या भरवशावर आजच उधारी करणं. हप्ता लांबला की सावकाराचं दार.
३. पासबुक, एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात देणं. फॉर्म कुणी भरला, पैसे किती आले, हेच ठाऊक नसणं.

योजना उद्या बदलेल, बंदही होईल. तेव्हा आपल्याकडं काय उरेल, हा खरा प्रश्न आहे.

जरा हिशोब करा. १,५०० मधले ५०० रुपये दर महिन्याला गटात टाकले, तर वर्षाला एकीचे ६,००० होतात. दहा जणींचे ६०,००० होतात. त्यातून शेळ्या घेता येतात, शिलाई मशीन घेता येतं, अडलेल्या बहिणीला कर्ज देता येतं. ज्यांना ५०० जमत नाहीत त्यांनी १०० टाका, पण खंड पडू देऊ नका. ज्यांचं सगळं औषधाला जातं, त्यांना मात्र कुणी बोल लावू नये.

बैठकीत चर्चेसाठी:

• गेल्या तीन हप्त्यांचे पैसे कशावर खर्च झाले? कुणी ठरवलं?
• आपलं पासबुक कुणाकडं असतं?
• हप्ता तीन महिने आला नाही, तर घर कसं चालेल?
• गटाची बचत किती वाढवता येईल?

प्रत्येकीला बोलू द्या. जे ठरेल त्याचा ठराव इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी तोच वाचा.