तळ्याकाठचा मुक्काम
(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व नागरिकशास्त्र)

हेतू : मोठ्या नदीच्या उगमाची ओळख करून देणे, तसेच सार्वजनिक जागेत एक रात्र राहणाऱ्या पाहुण्यावरही त्या जागेची जबाबदारी असते, हे मुलांच्या ध्यानी आणणे.

प्रस्तावना : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. दिंडीचा मुक्काम, जत्रेतील पाल, शेतावरची राखण हे मुलांच्या परिचयाचे विषय आहेत. “आपण निघून गेल्यावर ती जागा कशी दिसते?” असा प्रश्न विचारून पाठास आरंभ करावा.

विषय-प्रतिपादन : अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात इटास्का नावाचे सरोवर आहे. मिसिसिपी नदी येथे उगम पावते व साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मेक्सिकोच्या आखातास मिळते. उगमापाशी मात्र तिचे पाणी गुडघाभरच असते, आणि तेथील दगडांवरून लहान मुलेही पैलतीरी जातात. १८३२ साली ओजिब्वे जमातीच्या ओझाविंडिब या वाटाड्याने हेन्री स्कूलक्राफ्ट यास येथे आणले. जगाने स्कूलक्राफ्टचे नाव लक्षात ठेवले. परंतु वाट दाखविणाऱ्यास ते सरोवर आधीच ठाऊक होते, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे.

१८९१ साली हा परिसर राज्य-उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. आज त्याचे क्षेत्र ३२,००० एकरांहून अधिक असून त्यात शंभरावर लहानमोठी तळी आहेत. पाइन वृक्षांच्या सावलीत मुक्कामाचे तळ आखलेले आहेत. प्रत्येक कुटुंबास तंबूपुरती जागा, एक मेज व शेकोटीसाठी लोखंडी कडे मिळते. विस्तव त्या कड्यातच पेटवावयाचा असतो. दूरच्या गावाहून जळण आणण्यास मनाई आहे. कारण झाडे पोखरणाऱ्या किडी अशा लाकडात लपून येतात. अन्न उघडे ठेवता येत नाही. वासाने अस्वले येतात. होडी पाण्याबाहेर काढली की तिला चिकटलेल्या वनस्पती काढून आतील पाणी ओतून टाकावे लागते, नाहीतर एका तळ्यातील उपद्रवी जीव दुसऱ्यात पोहोचतात. रात्री १० नंतर शांतता पाळावयाची असते. तेव्हा तळ्यावरून लून पक्ष्याची लांब हाक ऐकू येते.

येथे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, “एका रात्रीच्या पाहुण्याला इतके नियम कशास?” उत्तरादाखल पुढील हकीकत सांगावी.

उद्यान झाले, तरी आसपासची लाकूडतोड थांबली नव्हती. तोडलेले ओंडके नदीतून वाहून नेण्यासाठी सरोवराच्या खाली बंधारा घालून पाणी अडविले जाई. पाणी चढले की काठची झाडे बुडून मरत. १९०३ साली उद्यानाच्या आयुक्तांचे निधन झाले व त्यांची २४ वर्षांची कन्या मेरी गिब्ज त्या पदावर आली. दरवाजे उघडून पाणी सोडावे, असे सांगण्यास ती बंधाऱ्यावर गेली. तरफेस हात लावणाऱ्यास गोळी घालू, अशी धमकी तिला मिळाली. तरीही तिने तरफेवर हात ठेवला. गोळी सुटली नाही.

मेरी त्या पदावर फार काळ राहिली नाही, आणि लाकूडतोडही पुढे काही वर्षे चालू राहिली. हा भाग वगळू नये. एका दिवसाच्या धैर्याने सर्व काम होते, असा समज मुलांत रुजू नये. वाचलेले जुने वृक्ष आज उभे आहेत ते अनेकांच्या राखणीमुळे; उगमाजवळील माहिती-केंद्रास मेरीचे नाव दिलेले आहे. बंदुकीपुढे हात न काढण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पण विस्तव पाणी ओतून पुरता विझविण्याचा प्रसंग तेथे रोज रात्री येतो, आणि तो प्रत्येक पाहुण्यावर येतो. “माझ्या एकट्याने काय बिघडते?” असे हजारोंनी म्हटले, तर बंधाऱ्यावाचूनही काठ उजाड होईल.

प्रश्न : (१) ओझाविंडिबचे नाव फारसे कोणास का ठाऊक नाही? (२) जळण दूरवरून आणल्यास कोणते नुकसान होते? (३) पाणी वाढल्याने झाड का मरते?

उपक्रम : गावच्या तळ्याकाठी किंवा पाझर तलावाकाठी अर्ध्या दिवसाची सहल काढावी. पालकांची संमती घ्यावी व मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवावे. काठची झाडे मोजावीत, माणसांनी मागे टाकलेल्या वस्तूंची यादी करावी. त्या यादीवरून मुलांनीच पाच नियम ठरवावेत. शिक्षकांनी आपले नियम सांगण्याची घाई करू नये; स्वतः ठरविलेला नियम मूल अधिक निष्ठेने पाळते. निघताना सर्वांनी मागे वळून जागा पाहावी. पाठ साधला की नाही, हे तेथेच कळेल.