मोठ्या माशाचा मान

आम्हा गोमंतकीयांच्या घरी माशाची परीक्षा चुलीपाशी होते. चणक केवढा होता, याची आठवण जेवणाबरोबर संपते. फार तर गरी घेऊन नदीवर गेलेले एखादे काका दोन्ही हात पसरून ‘एवढा होता’ म्हणून सांगतात, आणि ते हात वर्षागणिक थोडे अधिक पसरत जातात. परंतु पसरलेल्या हातांवर विश्वास न ठेवता वजन, माप आणि साक्षीपुरावा मागणाऱ्या, व तो पटल्यास गळ टाकणाऱ्याचा जाहीर गौरव करणाऱ्या संस्थाही जगात आहेत. गोड्या पाण्यातील मोठ्या माशांच्या या गौरवाचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. त्यात जीवशास्त्राइतकेच न्यायशास्त्रही आहे.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध मासा खाल्ला गेलेला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी पावसामुळे शेतात काम करणे अशक्य झाले, म्हणून जॉर्ज पेरी नावाचा वीस वर्षांचा शेतकरी मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून खोटे आमिष एकच होते. त्याला लागलेला लार्जमाउथ बास, म्हणजे रुंद तोंडाचा बास, जवळच्या हेलिना गावात पोस्टाच्या काट्यावर तोलला गेला. वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरांचे सामान बक्षीस मिळाले. मासा मात्र घरच्या मंडळींच्या पोटात गेला. मंदीच्या त्या काळात शेतकऱ्याच्या कुटुंबाने दुसरे काय करावे? मागे राहिले ते काट्यावरचे वजन आणि ते पाहणाऱ्यांची साक्ष. तेवढ्यावर तो विक्रम आजतागायत उभा आहे.

आज इतक्यावर भागत नाही. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेने १९७८ साली गोड्या पाण्यातील विक्रमांची नोंद त्या मासिकाकडून आपल्याकडे घेतली. तिच्या नियमांप्रमाणे वजनकाटा प्रमाणित हवा. मासा जमिनीवर तोलावा लागतो, डोलत्या होडीत तोललेला चालत नाही. मासा, माणूस, काठी आणि काटा यांची छायाचित्रे हवीत, आणि दोरीचा तुकडाही तपासणीस पाठवावा लागतो. जपानमधील बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांना जो बास मिळाला, त्याचे वजन पेरीच्या माशाहून एका औंसाहूनही किंचित कमीच अधिक होते. २५ पौंडांखालील माशाने जुना विक्रम निदान दोन औंसांनी ओलांडला पाहिजे, असा नियम आहे. सहा महिने छाननी झाली आणि दोघेही समान ठरले. (जाता जाता सांगितले पाहिजे की, बिवात हा बास परका व उपद्रवी समजला जातो. धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास तेथे मनाई आहे.)

एवढी कडक तपासणी कशासाठी, असे कोणी विचारील. डेव्हिड हेज यांना १९५५ साली डेल हॉलो तलावात ११ पौंड १५ औंसांचा स्मॉलमाउथ बास मिळाला. पुढे तेथील धक्क्यावरच्या एका कामगाराचे जुने प्रतिज्ञापत्र उजेडात आले. माशाच्या पोटात आपण धातूचे तुकडे भरले होते, असे त्यात लिहिलेले होते. १९९६ साली विक्रम रद्द झाला. पुन्हा चौकशी होऊन तो हेज यांना परत मिळाला २००५ साली, म्हणजे मासा धरल्यानंतर पन्नास वर्षांनी. एका कागदाने निरपराध माणसाचे नाव नऊ वर्षे पुसले गेले. उलटपक्षी, क्लीव्हलँड येथील २०२२ सालच्या स्पर्धेत वॉलाय माशांची पोटे फाडताच खरोखरच शिशाचे गोळे बाहेर पडले. दोघा स्पर्धकांना दहा दिवसांची कैद झाली आणि त्यांची होडी जप्त झाली.

या सर्वांत आम्हास अधिक शहाणपणाची वाटते ती टेक्सास राज्याची रीत. तेथील उद्यान व वन्यजीव खात्याने १९८६ साली ‘शेअरलंकर’ ही योजना सुरू केली. ‘लंकर’ म्हणजे तेथील बोलीत दांडगा मासा. १३ पौंड किंवा अधिक वजनाचा बास धरणाऱ्याने तो जिवंतपणी सरकारला उसना द्यावयाचा. सध्या हे उसने जानेवारी ते मार्च या महिन्यांत घेतले जाते. मासा पाण्याच्या टाकीतून मत्स्यबीज केंद्रात नेतात. ते अथेन्स गावी आहे. ग्रीसमधील नव्हे, टेक्सासमधीलच. एवढ्या मोठ्या आकाराचा बास ही बहुधा मादीच असते, आणि तिची वाढ अंशतः तिच्या वंशातच असते. तिची पिल्ले तलावांत सोडली की तो गुण पसरतो. धरणाऱ्यास मिळते ती माशाची हुबेहूब प्रतिकृती. पूर्वी भिंतीवर लावण्यासाठी मासा मारावा लागे, आता मापे पुरतात. २०१८ पासून ८ पौंडांच्या माशांचीही नोंद होते. योजनेतील पहिली मादी ‘एथेल’ सुमारे ८ किलो वजनाची होती. ती लेक फोर्क तलावात मिळाली. पुढे १९९४ पर्यंत ती मिसूरी राज्यातील एका दुकानाच्या काचेच्या हौदात जगली, आणि हजारो माणसांनी तिला पाहिले.

मात्र पिल्ले सोडणे सर्वत्र हितकारक होतेच असे नाही. भारतात हा मान महाशीराचा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या शिकारीच्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या घराण्यातील जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महाशीर धरला. तो उंच पाठीचा महाशीर कावेरीच्या खोऱ्याबाहेर आढळत नाही. पुढे त्याच नदीत निळ्या पराचे महाशीर सोडण्यात आले. ही जात कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिली होती, आणि तिची पिल्ले लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढविली जात. हेतू चांगलाच होता. कावेरीकाठच्या गालिबोरे तळावर गळ टाकणारी मंडळी प्रत्येक मासा तोलून, वहीत टिपून पुन्हा पाण्यात सोडीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या वह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचे मासे वर्षानुवर्षे वाढत गेलेले आणि उंच पाठीचे जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. हौशी लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलेली वजने नसती, तर हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. उंच पाठीच्या महाशीराची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी त्याचे नाव अतिसंकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीत गेले.