लिनक्स लॅपटॉपची अस्थिर नेटवर्क-जोडणी : दोष कसा शोधावा

शाळेतील लिनक्स प्रणालीचा लॅपटॉप वर्गात नेला की जोडणी मध्येच तुटते, पुन्हा जुळते. हाताने केलेली दुरुस्ती यंत्र बंद करून चालू करताच नाहीशी होते, अशी तक्रार शिक्षकबंधुभगिनींकडून ऐकू येते. अशा वेळी सर्व प्रणाली पुसून नव्याने बसविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाने एकदा तसे केले, आणि चौथीच्या मुलांनी सहामाहीभर टंकित केलेली गावाची माहिती त्यासरशी नष्ट झाली. दोष मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

प्रथम दोषाचे स्थान ठरवावे, व त्यासाठी जवळून दूर जावे. टर्मिनल उघडून 'आयपी रूट' ही आज्ञा (अर्थात रोमन अक्षरांत) द्यावी. 'डिफॉल्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. त्या पत्त्यास 'पिंग' करावे. उत्तरे अडखळत येत असतील तर दोष बहुधा लॅपटॉप व राउटर यांमधील वाय-फायमध्ये आहे. राउटर नीट उत्तर देतो, पण 8.8.8.8 या बाहेरील पत्त्याकडून काहीच येत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडचा समजावा व लॅपटॉपला हात लावू नये. दोन्हीकडून उत्तर येते, तरी संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नामसेवा, म्हणजे डीएनएस, तपासावी. नाव सांगताच हजेरीपटातील क्रमांक सांगणाऱ्या वर्गनायकाचे जे काम, तेच या सेवेचे.

येथेच पुष्कळांची फसगत होते. नामसेवेचा पत्ता 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलमध्ये असतो हे कोठेतरी वाचून आपण तो तेथे लिहितो; जोडणी सुरू होते, आपण समाधानाने घरी जातो, आणि सकाळी लिहिलेले गायब! उबुंटूसारख्या आजच्या प्रणालींत ही फाइल 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' हा कार्यक्रम स्वतः लिहीत असतो. हाताने बदल करू नये, अशी सूचनाही फाइलच्या आरंभीच दिलेली असते. पण सूचना वाचण्याचा आळस केवळ विद्यार्थ्यांतच असतो असे नाही. म्हणून बदल मालकाकडेच सांगावा. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडून शाळेच्या जोडणीपुढील दातेरी चाकाचे चिन्ह दाबावे, आयपीव्ही4 या पानावर डीएनएसपुढील 'ऑटोमॅटिक' बंद करून पत्ता लिहावा, व जोडणी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी. हा बदल टिकतो, कारण तो नेटवर्कमॅनेजर आपल्या नोंदीत ठेवतो.

राउटरपर्यंतच उत्तरे अडखळत असतील तर लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पाहावे. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, परंतु जाड भिंतीपलीकडे ती 2.4 गिगाहर्ट्झच्या मानाने लवकर क्षीण होते. जवळ नेऊनही सुधारणा न झाल्यास वीजबचतीकडे पाहावे. बॅटरी वाचविण्यासाठी वाय-फायचा भाग मधूनमधून डुलकी घेतो, आणि काही यंत्रांत तो वेळेवर जागा होत नाही. उबुंटूमध्ये नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' या फोल्डरात 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' या नावाची फाइल असते. तीतील 3 या अंकाच्या जागी 2 लिहिल्यास ही डुलकी बंद होते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, एवढेच.

एका वेळी एकच बदल करावा, मूळ अंक वहीत टिपावा, आणि आरंभापूर्वी मुलांचे लेखन पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे.