टाकाऊ डब्याचें नवें रूप

घरांतील तेलाचा किंवा बिस्किटांचा डबा रिकामा झाला कीं तो अडगळींत जाऊन पडतो. परंतु टाकाऊ वस्तूस नवें रूप देणें ही आपल्याकडे नवी कला नव्हे. आपल्या आज्या-पणज्या रद्दी कागद भिजवून कुटीत, त्या लगद्यांत वाटलेली मेथी मिसळीत आणि त्यानें जुन्या टोपल्या व सुपें लिंपून तीं पुन्हां वापरांत आणीत.

थोर कलावंतांनींही अशा वस्तूंचा तिरस्कार केला नाहीं. पाब्लो पिकासो यानें १९१२ सालीं आपल्या एका चित्रांत वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड चिकटविलें व सभोंवतीं दोराची चौकट बसविली. चंदीगड येथें नेकचंद नांवाच्या रस्ते-निरीक्षकानें फुटक्या बांगड्या व कपबशांचे तुकडे जमवून, सरकारी परवानगीवांचून, अनेक वर्षें रानांत गुप्तपणें मूर्ति रचिल्या. तीच बाग १९७६ सालीं लोकांस खुली झाली.

आतां आपण एक पत्र्याचा डबा घेऊं आणि त्याचें कलमदान करूं.

प्रथम डबा कोमट पाण्यांत भिजवून त्यावरील कागद काढावा व सोड्यानें आंतबाहेर धुवावा. तेलाचा अंशही राहिला तर पुढें कांहींच चिकटत नाहीं. कांठ धारदार असल्यास पकडीनें आंत दाबून कानशीनें घासावा. हें काम वडील मनुष्यानेंच करावें.

नंतर बाहेरून तेली रंगाचा एक पातळ हात द्यावा. हा डबा म्हणजे लोखंडी पत्र्यावर कथलाचा अगदीं पातळ थर होय. जेथें ओरखडा पडतो तेथें ओलावा शिरून गंज चढतो, आणि आपला डिंक तर ओलाच असतो.

रंग वाळल्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या डिंकांत भिजवून एकीवर एक आडव्या-उभ्या चिकटवाव्या. कागद कातरूं नये, हातानें फाडावा. फाडलेली कड विरळ असल्यामुळें सांधा दिसत नाहीं. तीन थर पुरेत, परंतु प्रत्येक थर पुरता वाळूं द्यावा. त्यावर खडूची पूड व डिंक यांचा पांढरा लेप देऊन, तो वाळल्यावर पॉलिश कागदानें गुळगुळीत करावा.

आतां सजावट. सुतळी, जुनीं बटणें, चिंचोके, कापडाचे तुकडे, जें घरांत असेल तें घ्यावें. जड वस्तु खालीं व हलक्या वर ठेवाव्या, म्हणजे डबा कलंडत नाहीं आणि डोळ्यांसही तोल वाटतो. सर्व पृष्ठभाग भरून काढण्याचा मोह टाळावा. थोडी मोकळी जागा ठेवल्यानें नक्षी उठून दिसते. शेवटीं रंग व त्यावर व्हार्निश द्यावें. अशा डब्यांत खाद्यपदार्थ ठेवूं नयेत. फुलें ठेवावयाचीं असल्यास आंत कांचेचा पेला बसवावा.

येथें आमची एक चूक सांगणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाचे प्रदर्शन जवळ आलें असतां वेळ वांचविण्यासाठीं आम्हीं वर्गास तेली रंगाची पायरी गाळावयास सांगितली. प्रदर्शनांत डबे सुरेख दिसले व पुष्कळांनीं वाखाणणी केली. पुढें पावसाळ्यांत एक विद्यार्थी आपल्या आईस दिलेलें कलमदान घेऊन आला. नक्षींतून तांबूस डाग वर आले होते. तो कांहीं बोलला नाहीं. डबा मेजावर ठेवून उभा राहिला. दोष त्याच्या हातांचा नसून आमच्या उतावीळपणाचा आहे, हें आम्हीं सर्व वर्गासमोर सांगितलें. मग दोघांनीं बसून तो डबा खरवडला व आरंभापासून पुन्हां केला. त्यास आठ दिवस लागले.

विद्यार्थीमित्रहो, डब्याची किंमत कांहींच नाहीं. परंतु ज्या वस्तूवर आपण श्रम करितों व जी प्रेमानें दुसऱ्यास देतों, तिचा न दिसणारा थरही नीट असला पाहिजे. म्हणून या सुटींत घाई न करितां एकच डबा करा, आणि पुढील पावसाळा संपल्यावर तो आम्हांस आणून दाखवा.