निर्दोष सुटलात? ठशांची नोंदही काढून घ्या

खटल्यातून निर्दोष सुटलेला माणूस पुन्हा कोर्टाचं तोंड बघायला नको म्हणतो आणि कागद पेटीत टाकून कामाला लागतो. त्याला माझी कळकळीची विनंती आहे, की कागद पेटीत टाकण्याआधी एक अर्ज करा.

मी बांधकामाची छोटी कामं घेतो. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे माणसं सुटायला मध्यरात्र होते. अशाच एका रात्री आमचे दोन गवंडी मोटारसायकलवरून घरी निघाले आणि नाकाबंदीत अडकले. पोलिसांकडे मोबाइलएवढं यंत्र होतं. काचेवर बोट ठेवलं की ठसा सर्व्हरकडे जातो आणि नोंद असेल तर नाव-गुन्हा पडद्यावर येतो.

पहिल्याचा ठसा उमटेचना. सिमेंटनं बोटांच्या रेषा झिजलेल्या, कातडी सोललेली. रेशन दुकानातही त्याची हीच रड. हवालदारानं बोट फडक्यानं पुसून पाहिलं, दुसरं बोट लावलं, मग ‘मुद्दाम नीट दाबत नाहीस’ म्हणून दरडावलं. दुसऱ्याचा ठसा लगेच जुळला. मारामारीचा जुना गुन्हा, अटक. “साहेब, कोर्टानं सोडलंय मला,” तो सांगत राहिला. पडद्यावर ते कुठेच नव्हतं. दोघांनी रात्र चौकीत काढली. सकाळी मी निकालाची प्रत नेऊन दाखवली, तेव्हा सुटले.

यंत्रानं माणूस बरोबर ओळखला होता. पण ओळख पटणं वेगळं आणि गुन्हा शाबीत होणं वेगळं, हे रात्री दोन वाजता ऐकून घ्यायला कुणी नसतं. ऑगस्ट 2022 मध्ये ‘नॅफिस’ ही देशभराची ठसेप्रणाली सुरू झाल्यापासून एका गावातली जुनी अटक दुसऱ्या राज्यातही दिसू शकते.

2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं ही नोंद 75 वर्षं ठेवता येते. मात्र त्याच कायद्याचं कलम 4 वाचा. आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला आणि अपिलाचे मार्ग संपले, तर कोर्टानं लेखी कारणं देऊन वेगळं सांगितल्याशिवाय नोंद नष्ट करायची आहे. नियमांप्रमाणे त्यासाठी राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी करावी लागते. निकालाची प्रमाणित प्रत आणि गुन्हा नोंद क्रमांक जोडा, पोच घ्या. नोंदणीकृत टपालानं पाठवलंत तर उत्तम.

आता रस्त्यावरचं. या कायद्यानं ठसे घ्यायचे ते मुख्यतः अटक, स्थानबद्ध किंवा शिक्षा झालेल्यांचे आणि चांगल्या वर्तणुकीची हमी द्यावी लागलेल्यांचे. इतरांसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणून यंत्र पुढे आलं की शांतपणे विचारा, “साहेब, मला अटक करताय का?” लायसन्स, आधार दाखवा, आवाज चढवू नका. अटक झालीच असेल तर ठसे नाकारू नका, तो गुन्हा ठरतो. मात्र घरच्यांना कळवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

माझ्यासारख्या कंत्राटदारांनाही एक सांगणं. उशिरा सुटणाऱ्या प्रत्येकाजवळ साइटचा पत्ता, कामाची वेळ आणि तुमचा नंबर असलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या, आणि रात्री फोन चालू ठेवा. आमच्या गवंड्याचा अर्ज गेला आहे. उत्तर येईपर्यंत निकालाची एक प्रत त्याच्या गाडीच्या डिकीत असते आणि एक माझ्याकडे.