एककाविना आकडा

समजा, प्रयोगवहीत कोणी नुसते '३७' लिहून ठेवले आहे. ते तापमान की लांबी? सांगता येणार नाही. ही झाली आधारसामग्री. 'दुपारी २ वाजता पाण्याचे तापमान ३७ अंश सेल्सिअस' असे लिहिले, की तिची माहिती होते. (एकक न लिहिल्याबद्दल मी अर्धा गुण कापतो, तेव्हा विद्यार्थी कुरकुरतात!)

संगणकाच्या स्मृतीत तर केवळ ० आणि १ असतात. ०१०००००१ ही मालिका संख्या म्हणून वाचली तर ६५. 'आस्की' संकेताने वाचली तर रोमन लिपीतील मोठा 'ए'. कशी वाचायची, ते आज्ञावली ठरवते.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी 'नासा'चे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचताच गमावले. यानाच्या लहान रॉकेटांचा आवेग एका आज्ञावलीने पौंड-बल-सेकंदांत दिला. तो न्यूटन-सेकंदांत आहे असे समजून पुढचे गणित झाले. दोन्ही एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. त्यामुळे यानाचा मार्ग चुकत गेला. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ कि.मी. उंचीवरून जाणारे यान सुमारे ५७ कि.मी. इतके खाली आले. ८० कि.मी.च्या खाली, तेथील वातावरणात, त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते.