पंचनामा आणि निकाल

नांदेड

चि. ताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

लातुरास घरोघर जाऊन विशेष गरजा असलेल्या एकेका मुलाबरोबर बसण्याचे काम तू पत्करलेस आणि त्याविषयी चार शब्द मजकडून मागितलेस. मी ना वैद्य, ना शिक्षक. माझी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तेथे पहिल्या साहेबांनी शिकविलेली एकच गोष्ट तुझ्या कामी यावी : पंचनाम्यात डोळ्यांस दिसले तेवढेच लिहावे, निकाल देऊ नये.

तुझ्या धाकट्या मामाचेच उदाहरण घे. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा स्वमग्न मुलांची लक्षणे प्रसिद्ध केली होती, तरी आमच्या गल्लीत ‘स्वमग्नता’ (ऑटिझम) हा शब्द कोणाच्या कानावरून गेलेला नव्हता. दर आठवडी बाजाराच्या दिवशी हा मुलगा भरल्या पानावरून उठे, भिंतीवर डोके आपटी, आणि सारे घर म्हणे की हट्टी आहे, लाडावला आहे. माळेगावच्या खंडोबास नवस बोलून झाला, अंगारे लावून झाले, मारही देऊन झाला. दोन वर्षांनी आईच्या ध्यानात आले की, त्या दिवशी खेड्यावरून पाहुणे येत आणि त्याचे ते पोचे पडलेले जर्मनचे ताट त्यांच्यापैकी कोणापुढे तरी जाई. ताट बाजूला राखून ठेवले, आणि पुढच्या बाजारी तो मुकाट्याने जेवला. वडील आणि चुलते असे दोन कारकून घरात असताना वार, वेळ आणि ताट यांची नोंद कोणी केली नाही. निकाल मात्र आम्ही पहिल्याच दिवशी देऊन बसलो होतो.

म्हणून तुझ्या वहीत ‘चिडला’ एवढेच कधी लिहू नकोस. किती वाजले होते, कुकरची शिट्टी झाली होती की नळाला पाणी आल्याची धांदल चालली होती, त्याच्या अंगावरचा सदरा नवा होता की धुवट, हे लिही. पंधरा दिवसांची अशी पाने एकापुढे एक मांडलीस म्हणजे ज्याला घरचे हट्ट म्हणतात तो बहुधा अर्ज निघतो, फक्त आपल्या परिचित नमुन्यात न लिहिलेला.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात. तेथील गलक्याने ज्याचे कान दुखतात अशा मुलास भर संध्याकाळी तेथे नेऊन ‘सवय होईल’ म्हणू नये. दुकाने उघडण्यापूर्वी एका रस्त्याने जावे, एक वस्तू पाहावी, परत फिरावे. दुसरा रस्ता त्याच्या मनास येईल तेव्हा. परीक्षेतील गुणांच्या ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात प्रत्येक मूल एकाच मापाने मोजण्याची घाई आहे. तुझे माप त्या मुलाच्या कालच्या पानावरून ठरू दे.

आईवडिलांशी बोलताना बरे करण्याचे वचन देऊ नकोस, आणि मुलाविषयी त्याच्यादेखत तो नसल्यासारखे बोलू नकोस. बोलत नाही म्हणून त्यास ऐकू येत नाही असे नव्हे. लातूरजवळच्या हरंगुळच्या ‘संवेदना’ केंद्रात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांबरोबर काम करणारी माणसे आहेत. सवड काढून त्यांच्याजवळ बसून ये.

कागदोपत्री कामास कंटाळू नकोस, कारण तेथे अनेक कुटुंबे नाहक थकतात. दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला, आणि तो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर किमान 40 टक्के नोंद असल्यास पुष्कळ सवलतींचे दार उघडते. परीक्षेत लेखनिक आणि ताशी किमान वीस मिनिटे अधिक, हे केंद्रीय सूचनांत आहे. आणखी एक गोष्ट पालकांस वेळीच सांग : स्वमग्न मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. जेथे पालकत्वाची खरी गरज असेल तेथे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मुलगा स्वतःचे निर्णय थोडेबहुत घेऊ शकत असेल, तर अर्जाआधी त्यालाही विचार.

या कामात मेहनताना थोडा आणि वाहवा त्याहून थोडी मिळेल. एखाद्या महिन्याची वही कोरी वाटेल, तरी ती फाडू नकोस. ताटाचा शोध लागण्यापूर्वीची आमची दोन वर्षेही वरून कोरीच दिसत होती.

सवडीने एकदा नांदेडास येऊन जा. बाजाराच्या दिवशी आलीस तरी चालेल. फडताळातले हवे ते ताट घे, पोचे पडलेले तेवढे सोडून.

तुझा,
मामा